आंबट नसलेले लिंबू

मराठीत मद्यपानाला 'अपेयपान' असा एक शब्द आहे. जे पिऊ नये त्याचे पिणे. निकाल शब्दातच लागून गेल्यामुळे पुढे चवीचा प्रश्न उद्भवत नाही. फाशीचा हुकूम निघाल्यावर आरोपीच्या आवाजाची जात कोणी विचारत नाही, तसेच हे. 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आले, त्याला शतक उलटून गेले. सुधाकर आठवतो, सिंधू आठवते, तळीराम तर रोजच्या बोलण्यात जाऊन बसला आहे. पण त्या प्याल्यात जे काही होते ते जिभेला कसे लागत असेल, असा प्रश्न नाटक पाहून बाहेर पडणाऱ्याला पडत नाही, आणि पडू नये अशीच नाटककाराची इच्छा असणार. त्याबद्दल गडकऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. मात्र त्यानंतरच्या मराठी गद्यातही मद्य आले ते बहुधा परिणाम म्हणून: नशा, कर्ज, मैत्री, बेफिकिरी, पश्चात्ताप. पदार्थ म्हणून ते फारसे आले नाही. आंब्याच्या जाती आणि आंबेमोहराचा वास यांवर पानेच्या पाने खर्च करणारी ही भाषा इथे मात्र ओठ मिटून बसते.

हे सारे सुचायला निमित्त झाले एका चतकोर कागदाचे. लंडनमध्ये राहणाऱ्या एका स्नेह्यांनी आपल्या मराठी मित्रमंडळींसाठी एक संध्याकाळ योजली होती. चार ड्राय जिन शेजारी शेजारी मांडायच्या, थोडे पाणी घालून सावकाश चाखायच्या, असा बेत. चारही जिन 'सिट्रस-फॉरवर्ड' म्हणून नावाजलेल्या. प्रत्येकीबद्दल चार ओळी मराठीत लिहून द्या, असे त्यांनी मला सांगितले. "सोपे आहे, बाटलीवर सगळे लिहिलेलेच असते. तेवढे आपल्या भाषेत करायचे." मी करायला बसलो आणि पहिल्याच शब्दाला अडलो.

सिट्रस. कोश म्हणतो 'लिंबूवर्गीय'. हा शब्द कृषी खात्याच्या पत्रकात शोभतो. 'लिंबूवर्गीय चव पुढे असलेली जिन' असे लिहिले तर वाचणाऱ्याला डिंक्या रोग आणि फवारणीचे वेळापत्रक आठवेल. बरे, सरळ 'लिंबाची' म्हणावे, तर ते खोटे. आणि एका नव्हे, दोन कारणांनी खोटे. ही दोन कारणे समजावून घेतली की अशा जिनबद्दलचे निम्मे गैरसमज गळून पडतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

पहिले कारण कुळाचे. लंडनच्या भट्टीत साल पडते ती 'लेमन'ची, आणि लेमन म्हणजे आपले लिंबू नव्हे. आपले कागदी लिंबू आणि त्यांचे पिवळे लांबट लेमन हे सावत्र भाऊ आहेत. लेमनची आई कडू नारिंग, आपल्या लिंबाची आई आग्नेय आशियातली एक रानटी जात, आणि दोघांचा बाप एकच, महाळुंग. हा लाक्षणिक अर्थ नाही; जनुकांच्या अभ्यासातून गेल्या काही वर्षांत निश्चित झालेली वंशावळ आहे. या सगळ्या गोतावळ्याचे मूळ घर हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, म्हणजे आसाम, उत्तर म्यानमार आणि पश्चिम युन्नान या पट्ट्यात असावे, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवले. महाळुंग आज आपल्या बाजारात क्वचितच दिसते. पण कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या उजव्या हातात ते आहे. 'नारंग' हा शब्द फारसी-अरबीतून स्पेनपर्यंत गेला आणि युरोपभर संत्र्याची नावे त्यातून निघाली. तेव्हा बाटलीवरच्या फळांच्या चित्रांकडे परदेशी नवलाई म्हणून पाहण्याचे कारण नाही. ती घरची मंडळी आहेत, फक्त फार दिवसांनी आणि वेष पालटून भेटत आहेत.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. जिनमधले लिंबू आंबट नसते.

मराठी माणसाच्या मनात लिंबू आणि आंबट हे दोन शब्द जुळ्यांसारखे जन्मतात. पण लिंबाचा आंबटपणा सायट्रिक आम्लाचा, आणि हे आम्ल वाफेबरोबर वर चढत नाही. ते, आणि फळातली साखरही, ऊर्ध्वपातनाच्या पात्रात तळाशीच राहते. वर चढते ते सालीतले तेल. संत्रे सोलताना बोटांवर उडतो तो फवारा आठवा. डोळ्यात गेला की चुरचुरतो तो. संत्र्याच्या त्या तेलात नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा लिमोनीन या एकाच द्रव्याचा असतो. लेमनच्या तेलातही बहुतांश लिमोनीनच. त्याला 'लेमन' करते ते थोडेसे सिट्रल, जे आपल्या गवती चहातही आहे. म्हणजे जिनमध्ये येते ते रसाविना, आंबटाविना, गोडाविना उरलेले लिंबू. नुसता दरवळ. तोंडात घेतल्यावर दाताला आंब येत नाही, तोंडाला पाणी सुटत नाही, तरीही मेंदू ठामपणे म्हणतो, लिंबू. मला विचाराल तर ड्राय जिनचे सारे काव्य या एका विसंगतीत आहे, आणि आंबट म्हणून तिचे वर्णन करणाऱ्याने ती चाखलेली नाही, फक्त बाटली वाचली आहे.

बाटली वाचण्याचा हा रोग जुना नाही. एकेकाळी कृती गुप्त ठेवण्यात प्रतिष्ठा होती. १९८७ साली बॉम्बे सफायर बाजारात आली ती दहा वनस्पतींची नावे मिरवत, आणि तेव्हापासून यादी हीच जाहिरात झाली. यादी वाचायला गंमत येते हे खरे. बदाम, लेमनची साल, ज्येष्ठमध, हपुषा, आयरिसचे मूळ, अँजेलिकाचे मूळ, धने, दालचिनीची एक जात, कंकोळ आणि पश्चिम आफ्रिकेतल्या मिरीसारख्या बिया. निम्मी यादी घेऊन आपल्याकडच्या काष्ठौषधींच्या दुकानात गेलात तर दुकानदार चिठ्ठी न बघता पुड्या बांधील. (नावातली 'बॉम्बे' मात्र केवळ नावातच. ही जिन मुंबईची नाही, आणि 'सफायर' ज्यावरून आले ते 'स्टार ऑफ बॉम्बे' नावाचे १८२ कॅरटचे नीलमही मुंबईचे नव्हे. ते श्रीलंकेत सापडले आणि आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.) पण यादी म्हणजे चव नव्हे. शब्दसूची वाचून कवितेचे परीक्षण लिहावे, तसा हा प्रकार आहे. किती घटक, हे कळून काय होते? कोण कोणाला झाकतो, कोण कोणाला उचलून धरतो, कोण आधी बोलतो आणि कोण शेवटपर्यंत थांबतो, हे कळले पाहिजे.

याचे सर्वांत चांगले उदाहरण टँकरेचे आहे. तिच्या जुन्या, हिरव्या बाटलीतल्या जिनमध्ये फक्त चार वनस्पती: हपुषा, धने, अँजेलिका, ज्येष्ठमध. लिंबू नाही, संत्रे नाही, कसलीही साल नाही. तरीही ती चाखणारा दर दुसरा माणूस लिंबाचा उल्लेख करतो. तो चूक नसतो. ते लिंबू धन्यातून आलेले असते. धन्याच्या तेलात मोठा वाटा लिनालूल नावाच्या द्रव्याचा. त्याचा वास फुलासारखा आणि लिंबासारखा, दोन्ही. आपण धने भाजून कुटतो, तेल-हळदीत परततो, आणि मग त्यांच्यातले हे नाजूक अंग कोणाला दिसत नाही; खमंगपणा तेवढा उरतो. कच्चा धना दाताखाली फोडून पाहा. पहिल्या क्षणी जे लागते ते मसाल्याचे नसते, सालीचे असते. आपला धना टपोरा, पण तेलाने थोडा दुबळा. युरोपातला बारीक धना तेलाने भरलेला, म्हणून भट्टीवाल्यांना तो प्रिय. हपुषेच्या खालोखाल जिनला आधार देणारी वस्तू म्हणजे हा धना, आणि बाटलीवरच्या चित्रात त्याला कुठे जागा नसते. चित्र नेहमी कापलेल्या संत्र्याचे. धना काय, दिसायला दरिद्री.

आता हपुषेकडे वळले पाहिजे, कारण माझी खरी तक्रार तिच्याविषयीची आहे. हपुषा म्हणजे जुनिपर. आयुर्वेदाला ती परिचित आहे. हिंदी बाजारात तिला हाऊबेर म्हणतात. तिला फळ म्हणतात, पण वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात तो मांसल झालेला शंकू आहे, पाइनच्या बोंडाचा नातलग. झुडूप काटेरी, आणि शंकू पिकायला दोन-तीन वर्षे लागतात, त्यामुळे एकाच फांदीवर हिरवे आणि निळे-काळे एकत्र असतात. पिकलेले तेवढे पडावे म्हणून तोडणारे फांदीला काठीने झोडपतात. वास म्हणाल तर ओल्या पाइनच्या लाकडाचा, राळेचा, किंचित मिरीचा. टर्पेंटाइनमध्ये जे पायनीन असते तेच इथेही मुख्य. अठराव्या शतकात लंडनमध्ये जिनचा सुकाळ झाला तेव्हा महाग हपुषेऐवजी सरळ टर्पेंटाइन घालणारे बहाद्दर होतेच. एकूण प्रकरण उग्र. पहिल्या भेटीत आवडावे असे त्यात काही नाही. पण 'जिन' हा शब्दच मुळी तिच्या नावाचा अपभ्रंश आहे: लॅटिन जुनिपेरस, त्यातून डच येनेवर, त्यातून इंग्रजी जिनिव्हा आणि तोडून जिन. युरोपीय संघाचा २०१९चा नियम सांगतो की, जिनमध्ये हपुषेची चव प्रधान असली पाहिजे आणि अल्कोहोल किमान ३७.५ टक्के. 'लंडन जिन' म्हणवायचे तर सगळा स्वाद वनस्पतींसह केलेल्या ऊर्ध्वपातनातूनच आला पाहिजे. नंतर वरून वास, रंग काही घालता येत नाही, आणि गोडवा लिटरला ०.१ ग्रॅमपेक्षा जास्त नाही. (शहराचे बंधन मात्र नाही, लंडन जिन सोलापुरातही काढता येईल, परवाना मिळाला तर.)

कायदा 'प्रधान' म्हणतो, पण प्रधानपण मोजायला तराजू नाही. ते जिभेवर सोडलेले आहे, आणि इथेच गेल्या वीसेक वर्षांत वाट फुटली. हपुषा अनेकांना आवडत नाही, हे विक्रेत्यांच्या ध्यानात आले. मग तिच्यासमोर फळांचा पडदा धरणे सुरू झाले. सिट्रस-फॉरवर्ड ही संज्ञा पुष्कळदा या पडद्याचे सभ्य नाव असते. लंडनच्या त्या चार बाटल्यांपैकी एकीत (नाव घेत नाही, कारण तिच्यात कायद्याने काही वावगे नसेल) हपुषा शोधायला मला तीन घोट लागले, आणि सापडली तीही कर्तव्य म्हणून हजेरी लावल्यासारखी. बाकी सगळे मोसंबी. वाईट होते का? नाही. उन्हाळ्यात छान लागावे असेच होते. पण ते जिन होते का?

हा प्रश्न मराठी वाचकाला नवा नाही. सुरेश भट गझलेबाबत हेच म्हणत होते. मतला, काफिया, रदीफ, वृत्त यांचे बंधन पाळत नसाल तर जरूर कविता लिहा, तिला गझल म्हणू नका. 'गझलेची बाराखडी' त्यांनी लिहिली ती याच पोटतिडिकेने, आणि काहींना ती हेकेखोरी वाटली. मला ती कधीच हेकेखोरी वाटली नाही. नाव ही वाचकाशी केलेली बोली असते. मुक्तछंदाने स्वतःचे वेगळे नाव घेतले आणि तो सन्मानाने जगला. तद्वत, हपुषा नकोच असेल तर सालींचे उत्तम मद्य काढावे, त्याला नवे नाव द्यावे. मी पहिला गिऱ्हाईक होईन. जिनच्या नावाची पत वापरायची आणि जिनला आत येऊ द्यायचे नाही, यात मला अप्रामाणिकपणा दिसतो. गोव्याच्या काजू फेणीचे उदाहरण घ्या. तिचा वास लपवावा असा सल्ला तिला शतकभर मिळत असेल. तिने तो ऐकला नाही. २००९ साली तिला भौगोलिक निर्देशांक मिळाला तो काजूच्या बोंडासकट.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. साल जिनला परकी नाही. बीफईटर घ्या. जेम्स बरो या औषधविक्रेत्याने १८६०च्या दशकात सुरू केलेल्या या घराण्याच्या जिनमध्ये नऊ वनस्पती असतात, आणि त्यांत लेमनची साल व सेव्हिलच्या कडू नारिंगाची साल, दोन्ही वाळवलेल्या. सगळा ऐवज चोवीस तास स्पिरिटमध्ये भिजवून मग पात्र तापवतात. भट्टीवर उभे राहिलेले लोक सांगतात की, धारेत आधी साली उतरतात, मग हपुषा आणि धने, आणि शेवटी मुळे: अँजेलिका, ज्येष्ठमध, आयरिस. पेल्यातही साधारण तोच क्रम अनुभवाला येतो. पहिल्या श्वासाला नारिंग, पण ते मार्मालेडमधले, कडसर, पांढऱ्या पापुद्र्यासकटचे. आणि ते ओसरते न ओसरते तोच मागून हपुषा येते ती सरळ, खांद्याला खांदा लावून. साल तिच्यासाठी दार उघडते आणि बाजूला होते. टँकरेची नंबर टेन २००० साली आली. तिच्यात वाळकी साल नव्हे, ताजी अख्खी फळे वापरतात, ग्रेपफ्रूट, संत्रे आणि लाइम, शिवाय कॅमोमाइलची फुले. ती अधिक उजळ, अधिक देखणी, ग्रेपफ्रूट तर पेला नाकाशी नेण्याआधीच भेटते. तरी तळाशी त्या जुन्या चार वनस्पतींचा पाया तसाच आहे आणि तो जाणवतो. माझी पसंती विचाराल तर बीफईटर. वाळलेल्या सालीत एक वयस्कर समजूतदारपणा असतो. ताजी साल फार लवकर हसते. पण या दोन्ही खऱ्या अर्थाने सिट्रस पुढे असलेल्या जिन आहेत. पुढे असणे आणि एकटे असणे यांतला फरक त्यांना कळतो. साल ही हपुषेशी वाद घालायला असते. वादात एक पक्ष गैरहजर असेल तर उरते ते भाषण.

शिवाय सालीवर सारी भिस्त ठेवणाऱ्याला निसर्गच शिक्षा करतो. लिमोनीन हवेशी संपर्क येताच बदलू लागते. बाटली उघडून महिने लोटले की पहिली ओसरते ती फळांची चमक. हपुषा टिकते. आणि तेल फार झाले तर पाणी-बर्फ पडताच पेला धुरकट होतो, कारण तेल अल्कोहोलात विरघळते, पाण्यात नाही. हा दोष नव्हे. पण ग्राहक घाबरतो म्हणून पुष्कळ जण जिन थंड करून गाळतात आणि ज्या तेलासाठी एवढा खटाटोप केला तेच थोडे फेकून देतात.

गोव्यात २०१७ पासून ज्या नव्या भारतीय जिन निघू लागल्या त्यांच्याकडे मी म्हणूनच आशेने आणि थोड्या धास्तीने पाहतो. आशा अशी की, हिमालयातली हपुषा वापरणारी एक जिन त्यांत आहे आणि तिचे नावच 'हापुसा' आहे. (कोकणी माणूस ते हापूस वाचणार हे उघड. तिच्यात आंबाही आहे, पण नाव संस्कृत हपुषेवरून आले आहे.) धास्ती अशी की, आपल्याकडे सालींची श्रीमंती इतकी आहे की मोह आवरणे कठीण. बंगालचे गंधराज लिंबू एकदा नाकाशी धरले की माणूस बाकीचे विसरतो. त्यात नागपुरी संत्रे आहे, पपनस आहे, ईडलिंबू आहे. यादी करायला बसलो तर बाटली कमी पडेल. एवढा ऐवज हाताशी असताना काय घालायचे नाही, हे ठरवणारा भट्टीवाला मला भेटावा असे वाटते. बेगम अख्तर यांच्याकडे सूर कमी नव्हते.

असो. त्या चतकोर कागदाचे काय झाले ते सांगायचे राहिले. 'लिंबूवर्गीय' मी वापरला नाही. 'आंबट' तर नाहीच. 'सालीचा वास' म्हटले, आणि पहिल्या जिनसाठी चार ओळी लिहिल्या: नुकत्याच सोललेल्या नारिंगाच्या सालीचा, किंचित कडवट वास, मागून ओल्या पाइनच्या लाकडासारखी हपुषा, मध्ये कच्चे धने, शेवटी ज्येष्ठमध चघळून टाकल्यावर जिभेवर राहतो तो मंद गोडवा, जो साखरेचा नाही. चौथ्या बाटलीसाठी एकच ओळ लिहिली: मोसंबीचा दरवळ, हपुषा आहे असे म्हणतात. स्नेह्यांना चौथी ओळ आवडली. पहिलीवर मात्र त्यांचा निरोप आला की, बाकी सगळे ठीक, 'धने' तेवढे काढा, लोकांना आमटी आठवेल.

मी धने काढले नाहीत. त्यांनी ते काढून कागद छापला, असे मागाहून कळले. त्या संध्याकाळी, म्हणे, एका वयोवृद्ध बाईंनी पहिला घोट घेतला, बराच वेळ काही बोलल्या नाहीत, आणि मग विचारले, "यात कोथिंबिरीचे बी आहे का हो?"